नितीननं बांधलेली गाठ

राधाकृष्णनं खिशातून नेलकटर काढलं, तेव्हा उत्तमराव भिंतीला टेकून बसले होते. नितीन गेल्यापासून ते तिथंच बसत. ऊन अंगावर आलं की थोडं सरकायचे, ऊन गेलं की परत जागेवर. एवढीच काय ती हालचाल.

नितीन त्यांचा एकुलता मुलगा, दूध शीतकरण केंद्रात मेकॅनिक. उसाचा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात नाशिक-पुणे रस्त्यावर अंधारात उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली त्याची मोटारसायकल घुसली. ट्रॉलीला मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाकाला लावलेला धोंडा तेवढा होता. माणूस मेला आणि ट्रॉली दुसऱ्या दिवशी तशीच, बिनदिव्याची, ऊस ओढायला लागली. कारखान्याचा कुणीतरी आला, चहा प्याला, फार वाईट झालं म्हणाला, गेला. बौद्ध रीतीनं झालेल्या पुण्यानुमोदनाला गाव लोटलं. जो तो अनित्यतेवर चार शब्द बोलला आणि जेवून गेला. उत्तमरावांच्या डोळ्यात टिपूस नाही. लोक म्हणाले, म्हातारा खंबीर आहे. खंबीर कसला! दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, मग गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना आख्खं अंग वाटत होतं. चहा गरम की गार, कळत नव्हतं. सून जयमाला समोर रडायची, ती पाण्याच्या पलीकडं रडतेय असं वाटायचं.

राधाकृष्ण सावेडीचा, नितीनचा मासेमारीतला दोस्त. त्यांची पाचसहा जणांची टोळी होती. रविवारी धरण गाठायचं, मासा धरायचा, त्याला लहान लेकरासारखं छातीशी धरून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

"काका, नितीनच्या नावानं स्पर्धा घेतोय आम्ही," तो म्हणाला. "नितीन स्मृती चषक. पहिल्या नंबराला त्याचाच रॉड द्यावा असं पोरांचं म्हणणं आहे. म्हणजे रॉड पाण्यावर राहील. एका अर्थानं नितीनच पाण्यावर राहील."

"पाण्यावर राहायला त्यो काय बदक हाय का?" आतून सुमनबाई म्हणाल्या. उत्तमरावांच्या बायकोची जीभ एवढ्या दुःखातही बोथट झाली नव्हती.

राधाकृष्ण जरा हसला. "बरं, निदान साफ तरी करून देतो. हे तंगूस बघा, पिवळं पडलंय. नवीन भरतो." असं म्हणत त्यानं खुंटीवरचा रॉड काढला. तंगुसाच्या, म्हणजे रिळावरच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या, टोकाला रबरी बेडूक बांधलेला होता, मरळ माशाला भुलवायचा. राधाकृष्णनं नेलकटरचं तोंड बेडकाच्या नाकाशी, गाठीवर नेलं.

उत्तमराव कधी उठले ते कुणालाच दिसलं नाही. त्यांनी राधाकृष्णचं मनगट धरलं होतं.

"हात लावू नको."

"काका, जुनी गाठ आहे, नाहीतरी कापावीच..."

"गाठीला हात लावू नको म्हनलं ना."

राधाकृष्णनं रॉड खुंटीला लावला. जाताना दारात जयमालाला हळूच म्हणाला, "वहिनी, काकांना एकदा डॉक्टरला दाखवा."

नितीनचे कपडे वाटून टाकले होते. मोबाईलचा चुरा झाला होता. मोटारसायकल पोलिसांच्या आवारात गंजत होती. पण हे सगळं दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं, नितीननं नुसतं विकत घेतलेलं. ही गाठ मात्र त्याच्या बोटांनी बांधलेली. शेवटच्या रविवारी तळ्यावरून आला, बेडूक तसाच रॉडच्या कडीला अडकवला, रॉड खुंटीला लावला आणि ड्युटीवर गेला. घरात नितीनच्या हातचं असं तेवढंच उरलं होतं. नखाएवढं. म्हातारा दिवसभर भिंतीला टेकून काय बघतो, ते घरातल्यांना त्या दिवशी कळलं.

नितीनची पोरगी दीपा सुट्टीला घरी आलेली. नगरला नर्सिंग शिकत होती. ती रॉडखाली येऊन उभी राहिली.

"आबा, पप्पा म्हणाले होते या उन्हाळ्यात मला शिकवतो. आता तुम्ही शिकवा."

"माझी कळकाची काठी हाय. तिच्यावर शीक."

"मला ह्याच्यावर शिकायचंय."

"ह्याच्यावर न्हाई."

"मग काय देव्हाऱ्यात ठेवायचा हाय का?" सुमनबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "आपल्यात देव्हारा न्हाई, म्हनून खुंटीचा केला व्हय तुमी? पोरगी शिकवा म्हनती. भिंतीचा पोपडा निगाला पाठीनं, जावा की जरा पान्यावर!"

उत्तमरावांनी खुंटीकडं बघितलं. मग म्हणाले, "नेतो. पन बेडूक त्योच, गाठ तीच. बदलायची न्हाई."

"आबा, पण जुनी गाठ..."

"बदलायची न्हाई."

दीपानं आईकडं बघितलं. कारण नियम या घरात सगळ्यांनाच पाठ होता आणि तो घालून दिला होता उत्तमरावांनीच. पाण्यावर जायच्या आधी कालची गाठ तोडायची आणि नवी बांधायची. उन्हानं, ताणानं गाठ आतून मरते; वरून दिसत नाही. नितीन शाळेत असताना त्यानं आळस केला, मोठी मरळ घालवली, तेव्हा उत्तमरावांनी बांधावरच त्याचं थोबाड रंगवलं होतं. पाटकऱ्याची नोकरी, सगळी हयात पाटाची दारं उघडण्या-मिटण्यात गेलेली. पाण्याच्या बाबतीत त्यांनी कुणाचा लाड केला नाही.

"मग गाठीच्या वरून कापू," दीपा म्हणाली. "बेडूक गाठीसकट डबीत ठेवू. जपून राहील."

"आन् वरचा दोरा? त्योबी त्यानंच वढला, त्यानंच ववला. अख्खं हाय ते अख्खं ऱ्हाऊ दे."

निघाले दोघं.

पाझर तलाव गावाच्या वरच्या अंगाला. पाणी आटून निम्म्यावर आलं होतं, कडेनं पानकणसं माजलेली, मध्ये शेवाळाचे हिरवे गालिचे. पलीकडच्या काठाला गावातला कानिफनाथ शेळ्या घेऊन बसला होता. त्यानं हात वर केला, उत्तमरावांनी केला नाही.

शिकवायला त्यांनी सुरुवात केली ती वीजबिल वाचून दाखवावं तशी. "मरळ हवा गिळायला वर येतीय. चूळ भरल्यासारखा आवाज येतो. आवाज आला त्याच्या फुडं टाकायचं, डोक्यावर न्हाई. बेडूक शेवाळावरनं वढायचा. वढायचा, थांबायचा. खरा बेडूक काय धावत सुटत न्हाई. आन् मरळनं घेतला तरी लगेच झटका द्यायचा न्हाई. आधी तिला तोंड मिटू दे. एक श्वास सोडायचा, मग झटका."

"पप्पा दोन श्वास म्हणायचे."

"त्याचा रबराचा बेडूक. दोन श्वासात मरळ रबर थुकून दील. म्या त्याला एकच सांगितला हुता."

पहिल्या काही फेकी दीपाच्या पायाशीच पडल्या. एक डोक्यामागं गेली. त्यानंतरची उंच गेली आणि बेडूक काठावरच्या बाभळीला जाऊन लटकला. दीपानं रॉड मागं खेचला.

"थांब! वढू नको! सैल सोड!"

कानिफनाथाच्या शेळ्यांनीसुद्धा माना वर केल्या. म्हातारा बाभळीवर चढायला लागला होता. नातीनं खालून आरडाओरडा केला, पण त्यांनी फांदी वाकवली, बेडूक अलगद सोडवला, गाठीवर अंगठा फिरवला आणि खाली उतरले. तळहातात काटा अर्धा आत मोडला होता. दीपानं हात धरला.

"आबा, रक्त येतंय!"

"येऊ दे."

"दुखत नाही?"

त्यांनी हाताकडं पाहिलं. शेजाऱ्याचा हात असावा तसा तो हात होता. "न्हाई," ते म्हणाले. खरंच नव्हता दुखत.

ऊन कलत आलं. दीपाला आता हात बसला होता, बेडूक बरोबर शेवाळाच्या कडेला पडत होता. उत्तमरावांनी बोलणं सोडलं होतं. ते बेडकाकडं बघत होते. बेडूक परत आला की वाकून गाठ बघायचे आणि मान हलवायचे. मासा लागू नये असं त्यांना वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा. पोरीला शिकवायचं, पण मासा लागू द्यायचा नाही. हे असलं शिकवणं म्हणजे लबाडीच की, एवढं त्यांना कळत होतं. कळून काही वाटत नव्हतं.

पानकणसांच्या अलीकडं पाणी फुटलं. बेडूक होता तिथं खड्डा पडला, आणि दीपाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. पण पोरगी घाबरली नाही. तिनं श्वास सोडला. आणखी एक सोडला. मग दोन्ही हातांनी झटका दिला.

रॉड कमानीसारखा वाकला. रीळ कर्रकर्र वाजायला लागलं.

"आबा! लागली!"

मोठी होती. तंगूस पाणी कापत सरळ पानकणसांकडं निघालं. आत शिरली की देठांना वेढे घेणार, मग ना मासा हाती येणार ना तंगूस. अशा वेळी काय करायचं हे उत्तमरावांनी नितीनला शंभर वेळा ओरडून सांगितलं होतं: रोख, वाकडी वढ, श्वास घेऊ देऊ नको.

"सैल सोड," ते म्हणाले.

"काय?"

"सोड म्हनतो! ताण देऊ नको! गाठीवर येतोय ताण!"

"अहो आत घुसेल ती!"

"घुसू दे! दिपे, सोड!"

दीपानं एकदा आजोबाकडं बघितलं, एकदा पाण्याकडं. "नाही सोडणार," ती म्हणाली. "पप्पांनी सोडली नसती." तिनं टाचा चिखलात रोवल्या, रॉड आडवा केला आणि अंगाचा सगळा भार मागं टाकला. मरळ वळली. पानकणसांच्या तोंडाशी तिचं काळं-पिवळं अंग एकदा उलटं झालं, मांडीएवढं, आणि मग रॉड एकदम सरळ झाला. दीपा मागं आपटली.

पाण्यावर वर्तुळं उठली, रुंद झाली, संपली.

दीपा उठलीच नाही. चिखलात बसून रडत राहिली. "चुकलं माझं, आबा. मी तोडली. मी तोडली गाठ."

उत्तमरावांनी रॉड उचलला आणि रीळ फिरवायला लागले. रिकामं तंगूस पाण्यावरून सुळसुळत आलं. बेडूक गेला होता. त्यांनी टोक बोटात धरलं, डोळ्याजवळ नेलं. मग लांब धरलं. मग पुन्हा जवळ.

टोक पिळलेलं होतं. डुकराच्या शेपटासारखं, वेढ्यावर वेढा, शेवटपर्यंत शाबूत.

"उठ," ते म्हणाले. "हे बघ. तू न्हाई तोडली. तुटली आसती तर टोक सरळ आलं आसतं. ही घसरलीय. सुटलीय ही." त्यांनी बोटानं तो पीळ सरळ केला, सोडला, तो परत वळला. "जुनी झाली म्हनूनबी न्हाई. बांधतानाच ढिली बांधलीय."

दीपा नाक पुसत बघत राहिली. आजोबाचा जबडा हलत होता. मान लाल होत चालली होती.

"वली केली न्हाई," ते पुटपुटले. "आवळायच्या आधी थुकी लावायची. कोरडं तंगूस बसत न्हाई, वर बसल्यागत दिसतं. थुकी लावायला काय पैका पडतो का?" आवाज चढला. "किती येळा सांगितलं! किती येळा! भाड्या, सगळी घाई! गाठ घाईनं, जेवान घाईनं, गाडी घाईनं! अंधारात बघून चालवाया काय झालं हुतं रं तुला? काय झालं हुतं?"

शेवटचं वाक्य पाण्यावरून पलीकडं गेलं. कानिफनाथ उभा राहिला.

"काय झालं वो पाटकरी?"

"मरळ गेली!"

"मग जाऊ द्या की! मेल्या पोराच्या नावानं कशाला बोंबलताय?"

"त्यानंच घालवली!" उत्तमराव ओरडले. "माझ्या पोरानं घालवली! गाठ बांधता येत न्हवती भडव्याला!"

आणि ते खाली बसले. रडले म्हणावं तर रडले नाहीत, घशातून खरवडल्यासारखा आवाज येत राहिला. मग त्यांनी तळहात पुढं करून बघितला, चेहरा वाकडा केला. काट्याच्या जागी ठणकायला लागलं होतं.

"चिमटा हाय का गं तुझ्या पिशवीत? काढ हे. लई दुखतंय."

दीपानं पिशवीतून सेफ्टी पिन काढली आणि काटा उकरला. उत्तमरावांनी तिला दोन शिव्या घातल्या, नर्स का कसाई म्हणाले. काटा निघाला. कॉलेजात शिकवतात तसा तिनं जखमेवर रुमाल दाबून धरला. ऊन अजून होतं. पानकणसांच्या पलीकडं चूळ भरल्याचा आवाज आला, दोघांनीही ऐकला.

जरा वेळानं दीपानं नितीनच्या डबीतला दुसरा बेडूक काढून त्यांच्या पुढं धरला. उत्तमरावांनी तंगुसाचं पिळलेलं टोक दातानं तोडून थुंकलं. नवं टोक बेडकाच्या कडीत ओवलं, वेढे घातले आणि गाठ ओठांशी नेली. तोंडाला कोरड पडली होती. जीभ फिरवून बघितली, पुन्हा फिरवली. काही येईना.

त्यांनी गाठ तशीच, न आवळता, नातीच्या तोंडापुढं धरली.

"तू लाव," ते म्हणाले. "चांगली वली कर. आन् आवळताना हळू."