बदलीवाल्याला हाक

तर झालं काय, काळाचौकीच्या त्या मंडळाने दोन हजार बाराला देखावा ठरवला गिरणीचा. संपाला तीस वर्षं झाली म्हणून. थर्माकोलचं अख्खं साचेखातं, भोंगा, दिवे, आणि मधोमध एक साचा, म्हणजे कापड विणायचा माग, ज्याचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, खरोखर इकडून तिकडे धावणार! आणि तो पळवायचं काम कोणाकडे? अंबिकाकडे. बावीस वर्षांची पोरगी, लोअर परळच्या एका ऑफिसात लागून जेमतेम सहा महिने झालेले. मंडळात तोवर मुलींनी रांगोळी काढायची नि प्रसाद वाटायचा. लॅपटॉप मुलीच्या हातात द्यायची ही पहिलीच वेळ.

"सहाला ट्रायल," अध्यक्ष धोंडूकाकांनी सांगून टाकलं. "धोटा हलला तर हलला. नायतर गेल्या वर्षीच्या समुद्राच्या लाटा लावू. चंदू हाताने बटण दाबेल."

चंदूने लगेच बोटं मोडली. "आपण रेडी आहे हां."

आता, भोंगा, दिवे, मोटरी, सगळं एकाच प्रोग्रॅमवर चालायचं. तो मंडळातल्याच आनंदा नावाच्या पोराने लिहिलेला, सी प्लस प्लसमध्ये. आनंदा गेला बंगलोरला. त्याच्या कोडला हात लावायची कोणाची छाती नव्हती, एक ओळ हलवली की भोंगा दिवसभर बोंबलत बसायचा. म्हणून त्यानेच फोनवर आयडिया दिलेली, "तुझा धोटा तू पायथनमध्ये वेगळा लिही, प्लगइन म्हणून, बाहेरून जोडायचा तुकडा. फोल्डरमध्ये टाक. माझा प्रोग्रॅम उचलेल त्याला." पायथन अंबिकाला येत होतं, आणि त्यातले आकडे कधीही बदला, मोठा प्रोग्रॅम परत बिल्ड करायची, म्हणजे नव्याने बांधून घ्यायची, कटकट नाही. झकास!

तिने लिहिला. फोल्डरमध्ये टाकला. प्रोग्रॅम चालू केला. भोंगा वाजला, दिवे लागले. धोटा ढिम्म.

आणि एरर म्हणाल तर तीही नाही! एरर आली असती तर निदान कुठे दुखतंय ते कळलं असतं. तिने फाइलचं नाव तपासलं, फोल्डर तपासला, मोटरची वायर उपटून परत लावली. तीच फाइल एकटी चालवली की धोटा सुसाट. आनंदाच्या प्रोग्रॅममधून लावली की जणू जन्मालाच आली नाही. असं कसं होईल रे? तिला आता भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटायला लागलं. आनंदा मीटिंगमध्ये, फोन उचलेना. चार वाजले.

तेवढ्यात तिचे बाबा आले, गुणाजी. एका टॉवरमध्ये लिफ्टमन होते. संपाआधी गिरणीत होते, पण घरात गिरणीचं नाव काढायचे नाहीत. आणि आज मात्र सकाळपासून तिसरी फेरी, 'नुसतं बघायला' म्हणून.

"काय झाला गो?"

"बाबा, धोटा आत आहे, पण त्याला कोणी विचारतच नाही. चुकलास म्हणून ओरडत पण नाही कोणी."

गुणाजी हसले. "बदलीवाल्यासारखा."

"म्हणजे?"

"मी बदली होतो ना. कायम नाय झालो कधी. पाळीच्या आधी गेटवर उभा राहायचा, कार्ड खिशात. कोण गैरहजर असला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हाक मारणार, त्याच्या जागी आम्ही. एकदा आठ दिवस हाकच नाय. आम्ही गेटवर एकमेकांची कार्डं तपासतोय, नाव पुसलंय काय, शिक्का बरोबर आहे काय. मागाहून कळलं, त्या खात्यात बदली घ्यायचंच वरून बंद केलेलं. जॉबर गेटवर येतच नव्हता! कार्डात काय खोट असणार?"

अंबिका ताडकन उठली. "बाबा! मी सकाळपासून कार्डच तपासतेय!"

प्रोग्रॅम बिल्ड करताना त्यात काय काय घ्यायचं, याची एक यादी असते. तिने ती उघडली. खाली, अगदी तळाला, पायथन प्लगइन: ऑफ. आनंदाने त्याच्या मशीनवर ऑन करून घेतलं असणार, मंडळाच्या लॅपटॉपवर कोणी केलंच नव्हतं. तिने ऑन केलं, परत बिल्ड केलं, आणि...

"एरर आली!" ती खुशीत किंचाळली.

"काका, ही गेली कामातून," चंदू म्हणाला.

"अरे, हा आता पायथनच्या फाइली मागतोय! जॉबर गेटवर आला, कळतंय का? नेट दे तुझं."

"म्हणजे माझं बटण गेलं ना," चंदू कुरकुरला, पण मोबाइल दिला. डाउनलोड मुंगीच्या पावलाने. मग बिल्ड. चाळीस टक्के. सत्तर. धोंडूकाका घड्याळ बघत लाटांचा निळा कपडा झटकायला लागलेले. सहा वाजून चार मिनिटांनी भोंगा वाजला, दिवे लागले, आणि धोटा सुटला! इकडून तिकडे, तिकडून इकडे. पोरांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला.

गुणाजींनी टाळी वाजवली नाही. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"काय बाबा?"

"हळू आहे. आणि टोकाला थांबतो कशाला? धोटा थांबला म्हणजे धागा तुटला."

अंबिकाने खुर्ची ओढली. "बसा. वाजवून दाखवा."

गुणाजींनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. खटखट, खटखट. ती आकडा बदलायची, प्रोग्रॅम बंद करून चालू करायची. पाचव्या खेपेला टेबल आणि साचा एकत्र वाजायला लागले. धोंडूकाकांनी निळा कपडा परत गुंडाळून ठेवला.

"हाच," गुणाजी म्हणाले. मग लॅपटॉपकडे बोट दाखवत, "पण गो, पुढच्या वर्षी कोणी नव्याने बिल्ड केला तर? ह्याला परत गेटवर उभा करतील?"

अंबिकाने आनंदाच्या प्रोग्रॅमची मूळ यादी उघडली. मघाशी ऑन केलेलं फक्त ह्या लॅपटॉपवरच्या बिल्डपुरतं होतं; नवा बिल्ड जिच्यावरून सुरू होतो, त्या मूळ यादीत अजून ऑफच लिहिलेलं. तिने ते पुसलं आणि ऑन केलं.

"नाही बाबा. कायम केला."