लाल पाण्यातला अन्नदोष

लाँड्रीच्या मागच्या अंगणात ही गर्दी लोटली होती! सोड्याच्या पिंपांत कोपरापर्यंत हात घालून कपडे धुणाऱ्या बायका तशाच ओल्या हातांनी रांगेत उभ्या होत्या. गरोदर बाई महाराजांपुढच्या, दर वेळी नव्याने भरलेल्या पिवळ्या पाण्यात हात बुडवी, आणि पाणी लालभडक होई.

"अन्नदोष बाहेर पडला!" महाराज गरजत. "आईचा प्रत्येक घास म्हणजे बाळावर ओझं! एक वेळ फळ खा, बाकी माझं तीर्थ प्या. बाळ फुलासारखं हलकं होईल."

हलकी होत होती खरी. त्यातली दोन बाळं प्रसूतिगृहात नर्सताईच्या डोळ्यांदेखत काचेच्या पेटीत धापा टाकत होती. आणि आज रांगेत तिची इथेच कपडे धुणारी, सात महिन्यांची गरोदर वहिनी, गालफडं बसलेली. तिला धरून आणणारी कोण, तर नर्सताईची सख्खी आई!

"अगं आई, तिला चक्कर येतेय. जेवू दे की!"

"तुझा शहाणपणा दवाखान्यात ठेव. पाणी काय खोटं बोलतं?"

नर्सताईचं डोकंच फिरलं. भजनात तिचेही डोळे भरून येत. पण देवाच्या नावावर पोटुशीला उपाशी ठेवायचं?

तिने लाँड्रीच्या कँटीनमधून लिंबू आणलं, त्याने वहिनीचे हात चोळून धुतले आणि पाण्यात बुडवले. पाणी पिवळंच राहिलं.

"माझ्या नजरेनेच दोष पळाला!" महाराज म्हणाले. बाया धडाधड पाया पडल्या.

नर्सताईने कपाळावर हात मारला आणि साबणाची वडीच पाण्यात टाकली. पाणी लाल!

"बोला महाराज, या वडीने काय खाल्लं होतं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अगं बायांनो, हळदीचं पाणी आहे ते! शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, रोज बघता ना? इथे तुमच्या हातांचा सोडा लागतो, वहिनीचा लिंबाने निघाला, एवढंच!"

"नास्तिक!" म्हणत महाराजांनी भांडं उचललं. निम्मी रांग त्यांच्यामागे गेलीसुद्धा.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "भूक लागलीय हो. कधीची."

आईने मान खाली घालून स्वतःचा डबा उघडला. "खा बाई. चुकलंच माझं."

नर्सताई उरलेल्यांकडे वळली. "बाळ अशक्त व्हायला इतरही कारणं असतात, पण आईच्या खाण्यातूनच त्याचं रक्त-हाड घडतं. पालेभाजी, कडधान्यं, दूध, अंडी, जे मिळेल ते पोटभर खा. देवाला हात जोडा, जरूर जोडा. पण गरोदर बाईचं ताट काढून घेणाऱ्याला आधी विचारा, कशावरून?"