दोघांच्या दोन सहली

जहाज बंदराला लागायच्या आदल्या दुपारी केबिनच्या दाराखालून एक कागद आत सरकायचा. उद्या कुठली सहल करायची ते संध्याकाळी सहाच्या आत खालच्या टेबलावर कळवा, असं त्यात असे. बाग, बाजार, काचेच्या तळाची बोट, एखादी टेकडी. प्रत्येक सहलीपुढं चिमुकली चित्रं असत. बूट म्हणजे थोडं चालणं, जिना म्हणजे दमछाक आणि चाकाची खुर्ची म्हणजे आपलं. सिस्टर बाकीचं वाचतच नसे. खुर्चीचं चित्र शोधायचं, त्यावर खूण करायची, विषय संपला. खुर्चीवाली सहल सगळीकडे सारखीच: बसमध्ये बसा, खिडकीतून गाव बघा, परत या.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. एकतीस वर्षं इस्पितळात काढली, तेव्हा जे चिकटलं ते चिकटलं. नवरासुद्धा तिला सिस्टरच म्हणायचा. तो बसवर कंडक्टर होता. ती निवृत्त झाली त्याच वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेले, बोलणं वाचलं, पण तेही रखडत. एका वॉर्डातून सुटले आणि दुसऱ्यात रुजू झाले, असं सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची. याला सहा वर्षं झाली. वाक्य अजून तेच होतं, हसणं तेवढं राहून जायचं.

जहाजाची तिकिटं लेकीनं आणि जावयानं काढून दिली होती. दहा दिवस नुसता आराम कर, असं लेक फोनवर चारचारदा बजावत होती. तिचं काय जातंय सांगायला! केबिनमधल्या न्हाणीघराचा उंबरठा चांगला वीतभर उंच होता, आणि त्यावरून अख्खा माणूस अलीकडून पलीकडे न्यायचा होता. गोळ्या त्याच, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणं तेच, घोट घोट पाणी पाजणं तेच. फक्त इथं पायाखालची जमीनही हलत होती. दोन बंदरं झाली होती आणि दोन्ही गावांमधलं सिस्टरला नीट आठवत होतं ते बसच्या पडद्याचं कापड.

तिसऱ्या बंदराचा कागद घेऊन ती टेबलाशी गेली, तर तिथल्या मुलीनं सांगितलं की तुमच्या केबिनची नोंद झालेली आहे. साहेबांचा फोन आला होता. साहेबांना खुर्चीवाली बस, सोबत जहाजावरचा मदतनीस. बाईंना दीपगृह, पायऱ्या तीनशे. बदल करायचा असेल तर सहापर्यंत करता येईल.

म्हणजे सिस्टर अंघोळीला गेल्यावर या माणसानं डाव्या हातानं फोन ओढून घेऊन हा उपद्व्याप केला होता. ती तरातरा केबिनमध्ये आली आणि त्याला फैलावर घेतलं. पाणी पिताना ठसका लागला तर तो मदतनीस काय करणार आहे? दहाची गोळी कोण देणार? मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही? कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं. गर्दीच्या बसमध्ये जन्म काढलेल्या माणसाला ऐकून घ्यायची सवय असते.

"झालं?" तो म्हणाला. "एक दिवस जा. वर चढ. मला सांग काय दिसलं ते."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"बसमध्येच होईल ना. सगळा जन्म... तिथंच गेलाय."

साडेपाचला सिस्टर नोंद बदलायला निघाली. टेबलापुढच्या रांगेत उभं राहिल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. कारण तिला जायचं होतं. त्याला सोडून जायचं होतं. चार तास कुणी सिस्टर म्हणून हाक मारणार नाही, या नुसत्या विचारानं तिला हलकं वाटलं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. उद्या त्याला काही झालं तर हे हलकं वाटणं ती जन्मभर विसरू शकणार नव्हती. तिचा नंबर आला. मुलीनं वर पाहिलं. सिस्टरनं उगाचच बस किती वाजता सुटते ते विचारलं आणि ती परत फिरली.

सकाळी मदतनिसाला तिनं इतक्या सूचना दिल्या की तो पन्नाशीचा आडदांड माणूस शेवटी नुसता मान हलवत राहिला. खुर्ची बसमध्ये चढली. सिस्टर छोट्या गाडीत बसली.

पायऱ्या सुरू होतात तिथंच, गाड्या थांबतात त्या आवारात, झाडाखाली एक दगडी बाक होता. बारा जणांचा घोळका वर निघाला. बुटाची नाडी सैल वाटली म्हणून सिस्टर बाकावर टेकली. गार वारा होता. कुणाला काही हवं नव्हतं.

तिला जाग आली ती गाडीवाल्यानं खांदा हलवल्यावर. मान आखडली होती, तोंडाला कोरड पडली होती आणि घोळका लालबुंद चेहऱ्यांनी खाली उतरत होता. दोन तास गेले होते. आधी तिला दहाची गोळी आठवली. मग दीपगृहाकडे लक्ष गेलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसानं खटपट करून एक दिवस हातात ठेवला होता आणि तिनं तो घोरून घालवला होता. गाडीत तिनं शेजारच्या बाईला खोदून खोदून विचारलं, वरून काय काय दिसतं? मग ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं.

कंडक्टर केबिनमध्ये खुर्चीत बसलेला होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, छातीवर चहाचा डाग होता आणि नाक उन्हानं भाजलं होतं. बाकी धडधाकट होता. सिस्टर त्याची बटणं काढून नीट लावायला लागली.

"काय दिसलं?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. लाल छपरं, दोन्हीकडे समुद्र, आपलं जहाज अगदी काडेपेटीएवढं. वारा असा की उभं राहवत नाही. तो मन लावून ऐकत होता.

"पायऱ्या मोजल्यास?"

"मोजल्या. तीनशेच आहेत."

त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली.

"आमची बस आली होती तिथं," तो म्हणाला. "फोटोला. दहा मिनिटं."

सिस्टरचा हात बटणावरच थांबला.

"मदतनीस म्हणाला, बाईंना हाक मारू? म्हटलं, नाही. ड्रायव्हर निघताना हॉर्न वाजवणार होता. त्यालाही दम दिला." एवढं बोलून त्याला धाप लागली. "सगळे उतरले. मी तुझ्याकडे बघत बसलो. मान पडली होती तुझी एका बाजूला. वाटलं, जावं, मानेखाली काहीतरी द्यावं. पण उठता येईना."

सहा वर्षांत सिस्टर त्याच्यासमोर रडली नव्हती. पेशंटसमोर रडायचं नसतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. आता ती त्याच्या खुर्चीला लागून पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली, नाक पुसायचंही भान न राहता. त्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताला अजून नेम नव्हता, त्यामुळे तो अर्धा कानावर पडला.

"पुढच्या गावात कुठं झोपणार, ते आधी सांग," कंडक्टर म्हणाला. "म्हणजे तिथं थांबणारी बस घेतो."