अडीच इंच लाकूड

चौथ्या गोळीला अर्डिस टेस्मरला तो आवाज पुन्हा जाणवला. कानांवर जाड कानबंद होते, त्यामुळे तो कानांनी ऐकू आला नाही, रायफलच्या दस्त्याला टेकलेल्या गालाच्या हाडातून आला. टक्. बार उडाल्यावर लगेच, दस्त्याच्या आत कुठेतरी, लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा. सकाळी उभ्याने झाडलेल्या दहा गोळ्यांतही तो होता. तेव्हा तिने नव्या दस्त्याला दोष दिला आणि विषय सोडला. आता बसून साठ सेकंदांत दहा गोळ्या झाडायच्या होत्या. सातव्या गोळीच्या वेळी, त्या टक्च्या धास्तीने, तिने आधीच डोळा मिटला.

टार्गेटं खंदकात उतरली आणि गुण लावून वर आली. शंभरपैकी त्र्याण्णव. एक गोळी पार सातच्या वर्तुळात.

"अर्डिस, ती सातवाली माझ्याकडे निघाली होती की काय?" शेजारच्या जागेवरून किप रासमुसेनने विचारलं. तो तिच्या निम्म्या वयाचा होता आणि तोंडाने मैदानात सगळ्यांत वेगवान.

"तुझ्या टार्गेटला मदतीची गरज दिसली," ती म्हणाली आणि रायफल उचलून मागे चालू लागली. हसली मात्र नाही.

सरकारी नेमबाजीचा मानाचा बिल्ला मिळायला सामन्यांतल्या क्रमांकांचे तीस गुण लागतात. अर्डिसकडे चोवीस होते, अकरा वर्षांत जमवलेले. ब्लॅक अ‍ॅश क्लबच्या या सामन्यात, बिल्ला नसलेल्यांपैकी पहिल्या चौघांना किमान सहा गुण मिळणार होते. सप्टेंबरमध्ये तिच्या उजव्या खांद्याचा सांधा बदलायचा होता आणि त्यानंतर दस्ता खांद्याला लावायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. आज जमलं नाही तर पुन्हा कधीच नाही. या सामन्यात सरावाच्या गोळ्या नसतात, दुसरी संधीही नसते. रायफल अडली तर न झाडलेली प्रत्येक गोळी शून्य.

तीनशे यार्डांच्या रेषेमागे हार्लन वोइट घडीच्या खुर्चीत बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हार्लन एकेकाळी सैन्यात शस्त्रं दुरुस्त करायचा. आता अख्ख्या क्लबच्या रायफली त्याच्या गॅरेजमध्ये उघडत आणि मिटत. गुरुवारी त्यानेच अर्डिसच्या रायफलचा आखूड, कार्बाइन या छोट्या रायफलीचा दस्ता काढून जुना लांब दस्ता बसवला होता. लांब दस्ता जड असतो, झोपून नेम धरताना हलत नाही. शुक्रवारी दिवसभर पाऊस असल्याने त्यावर एकही गोळी झाडून बघता आली नव्हती.

"ये. आधी कॉफी घे. तो हिरवा थर्मास दे इकडे," हार्लन म्हणाला.

अर्डिसने थर्मास उचलला. तो निळा होता. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हातारा झाला, एवढंच मनाशी म्हटलं.

"हार्लन, आतून टक् आवाज येतोय. प्रत्येक गोळीला."

"नवा दस्ता आहे. बसेल."

"दस्ता माझ्यापेक्षा जुना आहे."

तिने चटईवर रायफल ठेवली, मागची खीळ ढकलली आणि रायफल मधून उघडली. खालच्या अर्ध्या भागाच्या मागच्या काठावर, जिथे काळा रंग असायला हवा, तिथे नखाएवढी चकचकीत खोच पडली होती. मागेपुढे सरकून गोळी आत घेणाऱ्या बोल्टच्या पाठीवर दोन स्क्रूंनी बसवलेली वायूची छोटी नळी तिथे येऊन आदळत होती. स्क्रू अजून ढिले झाले नव्हते, पण तीस गोळ्या बाकी होत्या.

तिने दस्त्याच्या नळीतून स्प्रिंग आणि बफर बाहेर काढला. बोल्ट मागे आला की त्याचा धक्का झेलणारा हा दांडा. लांब दस्त्यातला बफर तळहातापेक्षा मोठा असतो. हा बोटाएवढाच होता.

"तुम्ही कार्बाइनचा घातलाय," ती हळूच म्हणाली. "नळी लांब, बफर आखूड. बोल्ट थांबतच नाहीये."

"शक्य नाही." हार्लनचा आवाज चढला. "चाळीस वर्षं निळ्या डब्यात लांब आणि हिरव्या डब्यात आखूड. मी निळ्या डब्यातूनच काढला. तू काढताना काहीतरी घोळ केलास."

अर्डिस वाद घालत बसली नाही. तिने बफर त्याच्या हातात दिला. हार्लनने तो बघितलाही नाही. अंगठ्याने टोकापासून टोकापर्यंत चाचपला. बफर अर्ध्या वाटेतच संपला. त्याने पुन्हा चाचपला. मग मांडीवर ठेवला.

ध्वनिक्षेपकावरून मैदानाचा अधिकारी वेंडेल प्रुइट म्हणाला, "दहा मिनिटं. मग तीनशेची तयारी."

"लांब बफर आणलाय का कुणी?" अर्डिसने विचारलं.

"सगळे गॅरेजमध्ये. चाळीस मैलांवर." हार्लनने पाय पसरले. "वेंडेलला सांग, रायफल बिघडली. क्लबची रायफल घे."

"तिचा नेम कुठे लागतो कुणाला माहीत? पहिली गोळी टार्गेटवर पडली तरी नशीब."

"मग अशीच झाड."

"आणि स्क्रू तुटला तर?"

"तर गेलं." हार्लन खुर्चीतून काठीच्या आधाराने उठला आणि थांबला. त्याने काठीकडे पाहिलं. मग तिचं खालचं रबर उपटलं आणि हत्याराच्या पेटीत हात घातला. "करवत कुठंय? ती बारकी."

"हार्लन, काठी नका कापू."

"नळी जितकी जास्त लांब आहे तितकी भरून काढायची. मग आतून ती कार्बाइनचीच होते. अडीच इंच. हे मला डोळ्यांशिवायही येतं."

त्याने बोटांची पेरं लावून माप धरलं आणि काठीचं टोक खुर्चीच्या हातावर ठेवलं. अर्डिसने काठी दाबून धरली. हार्लनने करवत लाकडावर सरळ चालवली.

"काय म्हातारबा," किपने जाता जाता विचारलं, "रायफल बनवताय की खुर्ची?"

"तुझ्यासाठी कुबडी. आज लागेल तुला."

वेंडेल येऊन उभा राहिला. तो कडक होता, पण लबाड नव्हता. त्याने दस्त्याची उघडी नळी पाहिली, काठी पाहिली.

"दुरुस्ती चालेल," तो म्हणाला. "पण एकही गोळी आधी झाडून बघायची नाही. आणि रेष तुझ्यासाठी थांबणार नाही. चार मिनिटं."

लाकडाचा तुकडा सुटला. नळीत तो सैल होता. हार्लनने त्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले आणि आत ढकलला. वर स्प्रिंग, मग बफर. रायफल मिटली. अर्डिसने बोल्टची मूठ मागे ओढून सोडली. बोल्ट मागे गेला, टेकला आणि थाडकन बंद झाला. रिकामी रायफल एवढंच सांगू शकत होती.

ती पोटावर झोपली. सत्तर सेकंद. आधी दोन गोळ्या, मग मॅगझिन बदलून आठ. टार्गेटं खंदकातून वर आली.

पहिली गोळी. बार, खांद्यावर दाब, आणि गालाखाली काहीच नाही. तिने वाट पाहिली. टक् आला नाही. बोल्टने दुसरी गोळी आत घेतली होती का? ट्रिगर दाबला. घेतली होती. मॅगझिन बदललं. तिसरी, चौथी. सहाव्या गोळीला आतून काहीतरी खुळखुळलं. लाकूड फिरलं असेल. तिने डोळा मिटला नाही. दहावी गोळी सुटली तेव्हा चार सेकंद उरले होते.

अठ्ठ्याण्णव.

सहाशे यार्डांवर वीस गोळ्या, एकेक करून, वाऱ्याकडे बघत. तिथे तिला एकशे त्र्याण्णव मिळाले. सकाळच्या उभ्याने मिळालेल्या चौऱ्याण्णवांसह एकूण चारशे अठ्ठ्याहत्तर. आता खांदा एवढा ठणकत होता की रायफलची पिशवी वेंडेलने उचलली.

फळ्यावर आकडे लागायला अर्धा तास गेला. पहिले तीन तिच्या बरेच वर होते. चौथ्या जागेवर चारशे अठ्ठ्याहत्तरचे दोघं: ती आणि किप. अगदी मधल्या छोट्या वर्तुळातल्या गोळ्या मोजल्या. तिच्या अकरा, त्याच्या नऊ.

किपने टोपी काढली. "त्या सातसकट?"

"त्या सातसकट."

"पुढच्या वर्षी मी काठी घेऊन येतो," तो म्हणाला आणि तिचा डावा हात हातात घेतला, उजवा नको म्हणून.

हार्लन फळ्यापर्यंत आला नव्हता. आखूड काठीवर वाकून चालणं त्याला जमत नव्हतं. अर्डिस त्याच्याजवळ जाऊन बसली आणि निकाल सांगितला. त्याने मान डोलावली, तिच्या गुडघ्यावर थोपटलं, मग थर्मास मांडीवर घेतला.

"पोरी, याचा रंग कोणता आहे?"

अर्डिसला खोटं बोलता आलं असतं. "निळा," ती म्हणाली.

हार्लनने थर्मास उन्हात धरला, फिरवला, परत खाली ठेवला.

"गुरुवारी त्याच डब्यांतून मी तीन रायफली जोडल्या," तो म्हणाला. "तुझी धरून."

अर्डिसने आपला फोन पुढे केला. त्याने तो घेतला नाही. खिशातून मोठ्या आकड्यांचा स्वतःचा काढला आणि नंबर एकेक करून दाबला, आठवून.

"रॉस? हार्लन बोलतोय. तुझी रायफल कपाटातच राहू दे, आज बाहेर काढू नकोस. नाही, तू काही केलं नाहीस. मी केलंय."