राडमिलाबाईंचा टेपरेकॉर्डर

तळहातावर मावेन एवढा मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. जपानमधल्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि सर्बियातल्या नीश शहरात राडमिलाबाईंनी मला विकत घेतले. त्या बातमीदार होत्या. पुढे त्या आयर्लंडला, नावनमध्ये आल्या, तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशातून मीही आलो. तिथल्या एका छोट्या साप्ताहिकात त्या लिहू लागल्या.

२००८ साली त्यांनी नागपूरहून आलेल्या डॉक्टर सुलेखाताईंची मुलाखत घेतली. ताईंच्या वसाहतीतून इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्याला फूटपाथच नव्हता. माणसे गाड्यांच्या कडेने जीव मुठीत धरून चालत. बाईंनी त्यावर तीनदा लिहिले. काही हलले नाही. शेवटी ताई म्हणाल्या, "लिहून झालं. आता निवडणुकीला उभ्या राहा."

पुढच्या वर्षी बाई नगरपरिषदेला उभ्या राहिल्या. दारोदार लोकांची गाऱ्हाणी मी टिपून घेई. माझे फार कौतुक होई.

प्रचाराला सतीश नावाचा इंजिनियर मदत करत होता. जुन्या कॅसेट ऐकताना त्याला बाईंचे प्रतिस्पर्धी डेक्लन यांची मुलाखत सापडली. मंदीत त्यांचा बांधकामाचा धंदा बुडाला होता. "हे छापू नका," असे सांगून त्यांनी कबूल केले होते, की गोळीशिवाय झोप येत नाही. हे पत्रकात घातले तर जागा आपलीच, असे सतीशचे म्हणणे पडले.

बाईंनी कॅसेट काढून घेतली. "त्यांनी हे बातमीदाराला सांगितलं होतं, उमेदवाराला नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी ती डेक्लन यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि दार पूर्ण उघडले. मग म्हणाले, "चहा घेणार?"

तिथे एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जातात; डेक्लन निवडून आले. शेवटची जागा बाईंना मिळाली, अवघ्या नऊ मतांनी. फूटपाथचा ठराव आला तेव्हा सभेत चुळबुळ झाली. अनुमोदन द्यायला डेक्लनच उठले. २०११ मध्ये सुलेखाताई त्या फूटपाथवरून निवांत चालत कामाला गेल्या.

मग बाईंकडे नवा फोन आला आणि मी स्वयंपाकघरातल्या कपाटात पडलो. माझ्यातले सेल पाझरले, चाके अडकली. मला वाटले, संपले आपले.

पण २०१३ च्या एका रविवारी बाईंनी मला पुसले, चाके मोकळी केली, नवे सेल घातले आणि पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलू लागल्या, आपल्या आईच्या भाषेत. मध्येच त्या हसल्यासुद्धा.

मित्रांनो, जुने यंत्र ठेवून देताना त्यातले सेल तेवढे काढत जा. आणि कुणी विश्वासाने काही सांगितले, तर तेही जपा. बाई काय बोलल्या, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.