दिवाळीपर्यंतची बोली

शमिकाशी घासाघीस करायची म्हटलं की मिरकरवाड्यातल्या भल्याभल्यांना घाम फुटतो. सकाळी जेटीवर लिलाव सुरू झाला की ही ओढणी कमरेला घट्ट बांधून पुढे उभी. बांगडे, कोळंबी, नशिबात असली तर एखादी सुरमई, असा माल उचलायचा आणि बाजारात जाऊन बसायचं, हा तिचा रोजचा धंदा. पहिल्या आकड्याला हो म्हणणं तिला ठाऊकच नाही. जेटीवरची रीतही साधी. तुम्ही आकडा बोललात आणि समोरचा गप्प राहिला, की सौदा झाला. मागाहून कुरकुर चालत नाही. आता जेटीवर ही रीत बरोबरच आहे हो, पण ही बाई तीच रीत घेऊन शाळेत गेली आणि तिथे घोळ झाला.

त्याचं असं झालं. शमिकाची मुलगी आरोही जूनमध्ये पहिलीत गेली आणि लगेच पालकांची सभा लागली. नवरा सागर बोटीवर खलाशी. पावसात बोटी बंद, म्हणून तो घरीच होता, पण शाळा म्हटली की त्याला अजून झोप येते. तेव्हा सभेला शमिकाच गेली. वर्गाच्या श्रद्धाबाई वर्षभरात काय काय होईल ते समजावून सांगत होत्या. आधी मुलं एका जागी बसायला शिकतील, मग आपला डबा आपण उघडायला, शू लागली तर सांगायला, शेजाऱ्याचं खोडरबर परत द्यायला. अक्षरं हळूहळू येतील. कुणी दिवाळीत वाचेल, कुणी शिमग्यात, कुणाला दुसरी उजाडेल. घाई करू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाकीच्या आया माना डोलावत होत्या. शमिकाला मात्र तो सगळा पहिला आकडा वाटला, आणि पहिला आकडा ऐकून गप्प बसायचं म्हणजे तिच्या पोटात दुखतं.

"शिमगा फार लांब झाला बाई," ती उभी राहून म्हणाली. "गणपतीपर्यंत बघा."

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या. गणपतीपर्यंत मुलं मला बघून रडायची थांबली तरी मी मोदक वाटीन, असं म्हणाल्या.

"मग दिवाळी. ना तुमचं ना माझं."

बाई पुन्हा हसल्या आणि डब्यात काय द्यावं, काय देऊ नये, त्या विषयाकडे वळल्या. नाही म्हणाल्या नाहीत. झालं, शमिकाच्या लेखी सौदा पक्का झाला. घरी येऊन तिने सासूला, यमुनाबाईंना, सांगूनही टाकलं की दिवाळीत आपली आरोही पुस्तक वाचणार.

हे नुसतं हौसेचं नव्हतं. शमिका दहावीला गणितात अडकली, पुन्हा बसली, पुन्हा अडकली, आणि मग आईने तिच्या हातात मासळीची टोपली दिली. धंद्याची तिला लाज नाही, उलट गुर्मीच आहे. पण बर्फाच्या पाण्याने बोटं चिरली की तिला वाटायचं, माझ्या पोरीचे हात असे व्हायला नकोत. सुरुवातीलाच मागे पडली की पोर कायमची मागे पडते, अशी एक भीती तिच्या मनात घर करून होती. ती भीती तिने कुणाला बोलून दाखवली नाही. फक्त रोज संध्याकाळी ती आरोहीला पुढ्यात घेऊन बसायला लागली.

आरोही म्हणजे नुसती बडबड. म्हाकूल शाई कशी सोडतो हे तिने वर्गात असं रंगवून सांगितलं होतं की बाईंनी सगळ्यांना त्याचं चित्र काढायला लावलं. पण पुस्तक उघडलं की तिची मान खिडकीकडे. अक्षरं तिला एकेकटी ओळखू यायची, शेजारी शेजारी बसली की सगळी अनोळखी. गणपती आले आणि गेले. बोटी केव्हाच सुटल्या होत्या, सागर बोटीवर. यमुनाबाई म्हणायच्या, अगो तिला श्वास तरी घेऊ दे. शमिका ऐकते होय कुणाचं?

दिवाळीच्या आधी एक दिवस आरोहीने पुस्तकाचं एक पान घडाघडा वाचलं. "मदन, बदक बघ. बदक, पळ. मदन, पकड." शमिकाला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. तिने शेजारणीला हाक मारून आणलं, पुन्हा वाचायला लावलं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पोर म्हणतेय 'बदक' आणि बोट आहे 'मदन'वर. पान पाठ होतं. पुढचं पान उलटलं तर एक शब्द येईना. शेजारीण काही न बोलता चकलीचा सोऱ्या मागून घेऊन गेली, आणि त्या न बोलण्याने शमिकाचं डोकं फिरलं.

ती नको ते बोलून बसली.

"जेटीवर जी मासळी वेळेत खपत नाय ना, ती खताच्या टेम्पोत टाकतात. कळलं?"

आरोहीने पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. शमिकाला वाटलं, चला, मात्रा लागू पडली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आरोहीचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. ओवा झाला, दृष्ट काढून झाली. श्रद्धाबाईंचा फोन आला, की आरोही हल्ली वर्गात तोंडच उघडत नाही, तुम्ही एकदा येऊन भेटा. शमिकाला वाटलं, बघा, दिवाळीचं ठरलेलं जमलं नाही म्हणून आता बाई पोरीवर ढकलतायत. येते म्हणाली आणि गेली नाही.

मग एकदा यमुनाबाई भाचीकडच्या पूजेला वेळणेश्वरला गेल्या. पोरीला शाळेत सोडायला घरात कुणी नाही. तेव्हा शमिकाने तिला गणवेश घालून, दप्तर अडकवून सकाळीच जेटीवर आणलं. लिलाव आटपला की परस्पर शाळेत पोचवू, असा विचार. आरोहीला जेटी काही नवीन नव्हती. एरवी ती बर्फाचे तुकडे चोखत सगळ्या बोटींची नावं विचारत हिंडायची. त्या दिवशी मात्र तिने आईची ओढणी सोडली नाही.

त्या सकाळी कोळंबी झकास आली होती. शमिका बोलीत उतरली, आकडा चढत होता, समोर नेहमीचा बोली लावणारा भागोजी होता आणि त्याच्यावर मात करायची म्हणून ही ईर्षेला पेटली होती. तेवढ्यात मागे खताचा टेम्पो उलटा येऊन लागला. दोघं जण फावडी घेऊन उतरले आणि कोपऱ्यात न खपता राहिलेली, नरम पडलेली मासळी उचलून आत टाकायला लागले.

"मदन, बदक बघ," आरोही म्हणाली.

शमिकाने वळून पाहिलं नाही.

"बदक, पळ. मदन, पकड. मदन, बदक बघ. बदक, पळ." आवाज मोठा व्हायला लागला. पोर ताठ उभी होती, डोळे टेम्पोवर, दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर, आणि जेवढं येत होतं तेवढं सगळं ओरडून म्हणत होती, पुन्हा पुन्हा, श्वास न घेता. फावडेवाल्यांना ऐकू जावं म्हणून म्हणत होती. बायका हसायला लागल्या, काय गो हुशार पोर म्हणाल्या. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि हसू आपोआप थांबलं.

शमिकाला सगळं एका क्षणात कळलं. सकाळचं पोटदुखणं, वर्गातली मुकी पोर, सगळंच. मेले मी, असंच वाटलं तिला. लिलाव पुकारणारा तिचा आकडा मागत होता. ती तशीच वळली, खाली बसली आणि तिने पोरीला छातीशी धरलं.

"तुला नाय गो टाकणार. कुणी नाय टाकणार. आई खोटं बोलली."

"मला पुढचं पान नाय येत," आरोही तिच्या कानात म्हणाली.

"नको येऊ दे."

कोळंबी भागोजीने उचलली. शमिकाने नळावर हात धुतले आणि पोरीचा हात धरून शाळेची वाट धरली. सबंध रस्ताभर आरोही विचारत होती. शिमग्याला नाय आलं तर? तरी नाही टाकणार. दुसरीत नाय आलं तर? तरी नाही. बाबांएवढी झाले आणि तरी नाय आलं तर? तरीसुद्धा नाही, शमिका म्हणाली, आणि तिला रडायलाही येत होतं आणि हसायलाही.

शाळेत श्रद्धाबाई नुकत्याच आल्या होत्या. शमिकाने आडपडदा न ठेवता दिवाळीच्या सौद्यापासून खताच्या टेम्पोपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाई रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं, असंही वाटलं होतं. बाईंनी आरोहीला आधी वर्गातल्या कुंड्यांना पाणी घालायला पाठवलं. मग म्हणाल्या की दिवाळीचा शब्द मी कधी दिलाच नव्हता, पण तेव्हाच स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. तिला आता महिनाभर घरी पुस्तक दाखवू नका, त्यापेक्षा तिला मासळीच्या गोष्टी सांगायला लावा आणि ऐका. वाचायला ती शिकेल, ते माझ्याकडे लागलं, एवढं बोलून त्यांनी शमिकाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला बांगड्याचा वास लागेल म्हणून शमिका जरा मागे सरली, तरी बाईंनी हात काढला नाही.

घंटा झाली. आरोही रांगेत जाऊन उभी राहिली, मग रांग सोडून धावत परत आली. तिला आणखी एक विचारायचं राहिलं होतं.

"शाळा सुटली की न्यायला येशील?"

"येणार ना."

"आज वाचता नाय आलं, तरी ये हां."

शमिकाने मान डोलावली आणि तिच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. पोर वर्गात गेली. बाजारात जायला अजून वेळ होता, शिळी का होईना, थोडी मासळी घेऊन बसता आलं असतं. शमिका कुठेच गेली नाही. शाळा सुटेपर्यंत ती बाहेरच्या पायरीवर बसून राहिली, वर्गाच्या खिडकीतून पोरीला दिसेल अशी.