शनिवारी वाजलेला फोन

नर्मदाबाईला जाऊन बारा दिवस झाले, तरी सिप्पोराबाईच्या कानातला फोन थांबेना. मोबाईल बंद करून तिनं तांदळाच्या डब्यात पुरला, तर मेला डब्यातूनही वाजला.

लष्कर मोहल्ल्यात शब्बाथ पाळणारं हे एकच ज्यू घर. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, बटण नाही, फोन नाही. "आमचे वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी बैलालासुद्धा सुट्टी," असं ती मान ताठ करून सांगायची.

त्या शनिवारी दुपारी फोन तीनदा वाजला. नाव शेजारच्या नर्मदाबाईचं. "चाळीस वर्षं भिंतीला भिंत, पण अक्कल काही पाझरली नाही," असं पुटपुटत तिनं फोनवर उशी टाकली. संध्याकाळी लोकांनी दार तोडलं तेव्हा नर्मदाबाई न्हाणीपाशी पडलेली, अंग गार.

इस्रायलमधला लेक एलिजा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, जीवावर बेतलं तर शब्बाथ मोडायचाच. हाही नेमच आहे."

"मग इतकी वर्षं सांगायला तुझी जीभ झडली होती?" तिनं फोन आपटला.

आज नर्मदाबाईची लेक प्रार्थना आली. हातात आईचा मोबाईल.

"मावशी, आईनं तुम्हाला तीनदा केलाय. घरी नव्हतात की काय?"

नव्हते, एवढंच म्हणायचं होतं. पोर विश्वास ठेवून निघून गेली असती.

"घरीच होते," सिप्पोराबाई म्हणाली. "ऐकत होते. शनिवार म्हणून उचलला नाही."

प्रार्थनानं मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, "आई आम्हाला दटावायची. शनिवारी सिप्पोराला हाक मारू नका गं, तिला पाप लागतं."

चहा तसाच ठेवून ती उठली. 'येते' न म्हणताच पायऱ्या उतरली.

आईबाप, भाऊबहीण, नवरा, लेकरं. पदर फाडून सुतकाला जमिनीवर बसायचं ते एवढ्यांसाठीच, परक्यासाठी नाही. हा नेम मात्र सिप्पोराबाईला लहानपणापासून पाठ होता.

तिनं पदराचा काठ दोन्ही हातांत धरला आणि टर्रकन फाडला. मग खुर्ची बाजूला सारून, सामाईक भिंतीला पाठ लावून, ती गार फरशीवर बसली. सात दिवसांसाठी.